उपग्रह नव्हते, संगणक नव्हते. मग नॉर्मंडीचं हवामान सांगितलं कसं?

जून लागला की हवामान खात्याला नावं ठेवायचा हंगाम सुरू होतो. ऑरेंज अलर्ट म्हणून शाळेला सुट्टी मिळाली आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं, की पाऊस पडतो तो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच्या विनोदांचा. "एवढे उपग्रह, एवढे महासंगणक, आणि तरीसुद्धा..." हे वाक्य कुणी पूर्णही करत नाही, सगळ्यांना पाठ आहे.

याच महिन्यात, ६ जूनच्या आसपास, नॉर्मंडीवरच्या चढाईच्या आठवणी निघतात. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली दोस्त राष्ट्रांचं सुमारे दीड लाख सैन्य एका दिवसात फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं, आणि ते नेमकं कुठल्या दिवशी उतरायचं हे एका हवामान अंदाजावर ठरलं, असं आपण वाचतो. वाचून झाल्यावर कुणालाही प्रश्न पडावा. पहिला हवामान उपग्रह १९६० साली गेला. संगणकाने काढलेला पहिला अंदाज १९५० सालचा. मग १९४४ मध्ये हा अंदाज काढला कशावरून?

पेन्सिल, टेलिप्रिंटर आणि पश्चिमेकडून येणारे आकडे, हे त्याचं छोटं उत्तर. मोठं उत्तर जास्त मजेदार आहे, कारण त्यात हुशारीइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, वाटा भूगोलाचा आहे.

आकड्यांतून नकाशा

हवामानाचा अंदाज आकाशाकडे बघून काढतात असा आपला एक भाबडा समज असतो. प्रत्यक्षात तो कागदाकडे बघून काढत. ठिकठिकाणच्या वेधशाळांत, दीपगृहांत, पोस्टात, विमानतळांवर माणसं ठरलेल्या वेळी बाहेर यायची आणि काही गोष्टी मोजायची: हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि वेग, ढग किती आणि कुठल्या प्रकारचे, नजर किती दूरवर पोचते. हे सगळं पाच-पाच आकड्यांच्या गटांत बसवून तारेने किंवा टेलिप्रिंटरने मुख्य कचेरीकडे जायचं. आकड्यांची ही भाषा आंतरराष्ट्रीय होती. कुलाब्याच्या वेधशाळेतली नोंद आणि स्कॉटलंडमधली नोंद एकाच पद्धतीने वाचता यायची. पुण्यात शिवाजीनगरच्या ज्या कचेरीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथे १९२८ ते १९४४ या काळात भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय होतं. म्हणजे महायुद्धाची बहुतेक वर्षं देशभरातले हे आकडे पुण्यात येऊन पडत होते.

ब्रिटनमध्ये ते लंडनच्या उत्तरेला डनस्टेबल नावाच्या गावात येत. तिथे नकाशावर प्रत्येक ठिकाणच्या ठिपक्याभोवती बारीक अक्षरांत आकडे आणि खुणा भराव्या लागत, लाल आणि काळ्या शाईने. हे काम करणाऱ्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या. हात इतका बसलेला असे की आकडे येतील तसे थेट कागदावर उतरत. मग अंदाज काढणारा पेन्सिल घेई आणि सारखा दाब असलेली ठिकाणं रेषेने जोडत जाई. या झाल्या समदाब रेषा. त्या जिथे वर्तुळासारख्या बंद होतात आणि मधला दाब आजूबाजूपेक्षा कमी असतो, ते कमी दाबाचं क्षेत्र. आपल्या बातम्यांत ज्याचं नाव रोज येतं, तेच हे. रेषा दाटीवाटीने आल्या की वारा जोराचा, विरळ असल्या की मंद.

एक सोपा नियम तेव्हाच्या प्रत्येक खलाशाला ठाऊक होता. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. भारतातही चालतो हा नियम. पुढच्या वेळी वादळाची बातमी आली की करून बघा, गच्चीवरून मात्र नको.

पश्चिमेकडचा फोन

हा नकाशा म्हणजे आत्ताचं चित्र झालं. उद्याचं कसं कळणार?

त्यासाठी युरोपचा एक गुण कामी येतो. आपल्याकडे पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रं बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकतात. युरोपच्या अक्षांशांवर उलटं असतं. तिथली वादळं अटलांटिक महासागरावर वाढतात आणि बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. आधी आयर्लंड, मग इंग्लंड, मग फ्रान्स आणि जर्मनी.

पुण्याहून सुटलेली डेक्कन क्वीन डोळ्यांसमोर आणा. गाडी लोणाव्याहून सुटल्याचा फोन आला की कर्जतच्या स्टेशनमास्तरला ती साधारण कधी येईल हे सांगता येतं. घाटात थांबली तर चुकेल, पण अंदाज बांधायला आधार आहे. आता दादरला बसलेला एक स्टेशनमास्तर असा कल्पा की ज्याला कर्जतचाही फोन नाही आणि लोणाव्याचाही नाही. त्याला रुळांकडे बघत बसण्यावाचून काय करता येईल? महायुद्धात ब्रिटन कर्जतला होता आणि जर्मनी दादरला. पुढचा सगळा खेळ या एका वाक्यात आहे.

गाडी आणि वादळात एक फरक मात्र आहे. वादळ वाटेत वाढतं, विरतं, दुसऱ्या वादळात मिसळतं, मध्येच वळतं. त्यामुळे 'आत्ता इथे आहे, ताशी इतक्या वेगाने सरकतंय' एवढ्यावर एखाद्या दिवसाचा अंदाज बरा निघायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवसावर बोलायला त्या काळचे अनुभवी लोक कचरत.

हे काम आणखी अचूक करण्याची युक्ती नॉर्वेतल्या बर्गन शहरातून आली, आणि तीही युद्धामुळेच. पहिल्या महायुद्धात शेजाऱ्यांकडून येणाऱ्या नोंदी बंद झाल्या, तेव्हा व्हिल्हेल्म बियर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातच नोंदींचं दाट जाळं विणलं. त्यातून दिसलं की थंड आणि उबदार हवा एकमेकींत सहज मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये एक धारदार सीमा असते आणि पाऊस, ढग, वाऱ्याची अचानक बदललेली दिशा हे सगळं त्या सीमेवर घडतं. या सीमेला त्यांनी 'फ्रंट' म्हटलं. थंड हवेचा फ्रंट डोक्यावरून पुढे गेला की पाऊस थांबतो, आकाश काही काळ फाटतं, दाब वर चढू लागतो. नॉर्मंडीच्या गोष्टीत हे फाटलेलं आकाशच महत्त्वाचं ठरणार आहे.

नकाशाला भोकं पडली

शांततेच्या काळात अटलांटिकवरच्या नोंदी व्यापारी जहाजं पाठवत. युद्ध सुरू झालं आणि जहाजांनी रेडिओ बंद केले. संदेश पाठवला की आपण कुठे आहोत हे शत्रूच्या पाणबुडीला कळतं. एका झटक्यात नकाशावरचा सगळ्यात कामाचा भाग कोरा झाला.

ब्रिटनने खास हवामानाच्या नोंदींसाठी 'अराकाका' आणि 'टोरांटो सिटी' ही दोन जहाजं अटलांटिकमध्ये ठेवून पाहिली. एकाच जागी रेंगाळत रोज संदेश पाठवणारं जहाज म्हणजे आयतं लक्ष्य. १९४१ च्या उन्हाळ्यात दोन्ही बुडवली गेली.

मग विमानं आली. स्कॉटलंडच्या टायरी बेटावरून हॅलिफॅक्स जातीची चार इंजिनांची विमानं शेकडो मैल समुद्रात जायची, ठरलेल्या जागी खाली-वर होत वेगवेगळ्या उंचीवरचा दाब आणि तापमान मोजायची आणि परत यायची. हवामान जितकं वाईट तितकी नोंद मोलाची, त्यामुळे 'आज हवा खराब आहे, उड्डाण रद्द' ही सोय या वैमानिकांना नव्हती. युद्धाच्या कथांत यांचा उल्लेख फारसा नसतो याचं मला नेहमी नवल वाटतं.

वरच्या हवेसाठी फुगे होते. साधा फुगा सोडायचा आणि जमीन मोजणाऱ्यांच्या थिओडोलाइटमधून त्याचा माग काढत राहायचं. तो जसा वाहत जाईल त्यावरून वरचा वारा कळे, पण ढगात शिरला की संपलं. १९३० च्या दशकात रेडिओसॉन्ड आलं, म्हणजे फुग्याला टांगलेलं छोटं उपकरण जे वर जाताजाता दाब, तापमान, आर्द्रता रेडिओने खाली कळवतं. ढगांचा अडसर गेला.

आणि आयर्लंड. हा देश युद्धात तटस्थ होता. तरीही त्याच्या हवामानाच्या नोंदी ब्रिटनला मिळत राहिल्या. ब्रिटनच्या पश्चिमेला असलेला हा शेवटचा भूभाग, म्हणजे आपल्या उदाहरणातला लोणावळा. त्या एका सोयीची किंमत पुढे कळेल.

हवामान तर सगळ्यांना दिसतं, मग गुपित कसलं?

हा आक्षेप रास्त आहे. पाऊस पडतोय हे लपवून कसं ठेवणार? पण लंडनमध्ये आज पाऊस आहे हे बर्लिनला कळलं, तर बर्लिनला उद्या-परवाचं कळतं. म्हणून युद्ध सुरू होताच बीबीसीवरचे हवामान अंदाज बंद झाले. कोळी आणि शेतकरी पुन्हा आपापल्या गुडघेदुखीवर आणि पाखरांवर आले. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात प्रवासातल्या हवेबद्दल लिहिलं, म्हणून त्यांना सेन्सॉरच्या कचेरीकडून समज मिळाली.

नोंदींचे आकडे दोन्ही बाजू सांकेतिक लिपीत पाठवत, आणि ही लिपी फोडण्याचे दोन फायदे होते. पहिला उघड: शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशाचं हवामान फुकटात मिळतं. दुसरा जास्त गमतीचा. जर्मन पाणबुडी आपला हवामानाचा संदेश 'एनिग्मा' या अवघड यंत्राने गुप्त करून पाठवायची. किनाऱ्यावर तो उलगडला जाई आणि तीच माहिती नंतर सोप्या लिपीत पुन्हा प्रसारित होई. ब्रिटिशांना सोपी लिपी फोडता येत होती. म्हणजे अवघड संदेशात मूळ मजकूर काय असणार हे त्यांना आधीच माहीत असे, आणि त्यावरून यंत्राची त्या दिवसाची जुळणी शोधता येई. कुलूप उघडायला हवामानाची किल्ली.

म्हणून १९४१ मध्ये ब्रिटिश आरमाराने 'म्युन्शन' आणि 'लाउएनबुर्ग' ही जर्मन हवामान-जहाजं मुद्दाम हेरून पकडली. ऑक्टोबर १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात बुडत चाललेल्या यू-५५९ या पाणबुडीत शिरून ब्रिटिश खलाशांनी कागद बाहेर काढले. त्यात हवामान संदेशांच्या संकेतांची पुस्तिका होती. लेफ्टनंट टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर आतच अडकले आणि पाणबुडीसोबत बुडाले. त्या पुस्तिकेच्या आधारे डिसेंबरमध्ये अटलांटिकमधल्या पाणबुड्यांचे संदेश पुन्हा वाचता येऊ लागले.

जर्मन काय करत होते?

हातावर हात ठेवून बसले नव्हते. दादरच्या स्टेशनमास्तराने लोणाव्याला आपला माणूस चोरून पाठवावा, तसं त्यांनी केलं. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर गुप्त हवामान केंद्र थाटलं. ते १९४३ मध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणाऱ्या मूठभर लोकांना सापडलं, चकमक झाली, आणि पुढे अमेरिकन विमानांनी ते उद्ध्वस्त केलं. स्वालबार्डसारख्या बर्फाळ बेटांवर त्यांनी पुन:पुन्हा माणसं उतरवली. तिथल्या एका तुकडीने शरणागती पत्करली ती ४ सप्टेंबर १९४५ रोजी, जर्मनी हरून चार महिने होत आले तेव्हा. त्यांना घ्यायला लवकर कुणी आलंच नव्हतं.

सगळ्यात अचाट प्रकार आजच्या कॅनडातला. ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-५३७ ही पाणबुडी लॅब्राडोरच्या निर्मनुष्य किनाऱ्याला लागली आणि तिच्या खलाशांनी तिथे एक स्वयंचलित हवामान केंद्र उभं केलं. बॅटऱ्यांवर चालणारं, ठरावीक तासांनी आपोआप आकडे पाठवणारं. कुणी पाहिलंच तर संशय येऊ नये म्हणून त्यावर कॅनडाच्या एका न-अस्तित्वातल्या हवामान संस्थेचं नाव लिहिलं आणि आसपास अमेरिकन सिगारेटची पाकिटं टाकून ठेवली. केंद्र फार दिवस चाललं नाही. पण फसवणूक इतकी नामी, की ते काय आहे हे १९८१ पर्यंत कुणाला कळलं नाही. आज ते ऑटावाच्या युद्ध संग्रहालयात आहे.

इतकं करूनही पश्चिमेकडून त्यांना मिळत होती ती तुटक माहिती. पाणबुड्यांनी नोंद पाठवली की त्यांचा ठावठिकाणा लागायचा. जर्मनीकडे उत्तम हवामानशास्त्रज्ञ होते, नकाशावर ठिपके नव्हते.

सरळ गणित मांडायचं ना!

हवा ही भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालते. नियम तेव्हाही माहीत होते. मग समीकरणं सोडवून उद्याचं हवामान का काढलं नाही?

एकाने काढून पाहिलं होतं. लुइस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज क्वेकर पंथीय, म्हणजे शस्त्र हातात न घेणारे. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत होते आणि फावल्या वेळात हाताने आकडेमोड करत होते. २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाच्या नोंदी घेऊन त्यांनी मध्य युरोपातल्या एका जागचा पुढच्या सहा तासांचा दाब काढायचं ठरवलं. या सहा तासांच्या गणिताला सहा आठवडे लागले. १९१७ च्या एका लढाईत त्यांची वही हरवली आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडली. उत्तर? दाब १४५ मिलिबारने वाढेल. पृथ्वीवर सहा तासांत असं कुठेही होत नाही. खऱ्या नोंदीत तर त्या दिवशी दाब जवळपास जागचा हललाही नव्हता.

रिचर्डसन यांनी हे अपयश लपवलं नाही, १९२२ मध्ये पुस्तकात सविस्तर छापलं. जगाचं हवामान वेळेत काढायचं तर एका प्रचंड सभागृहात ६४,००० माणसं आकडेमोड करायला बसवावी लागतील, असा हिशोबही मांडला. पद्धत मुळात बरोबर होती, सुरुवातीच्या आकड्यांतल्या लहान चुका फुगत गेल्या होत्या. आजचे महासंगणक तीच वाट चालतात. पण १९४४ मध्ये ६४,००० गणिती मोकळे नव्हते.

एका दिवसाच्या अटी

आता नॉर्मंडी. जर्मनांनी किनाऱ्यावर लोखंडी अडथळे आणि सुरुंग पेरले होते, ते दिसावेत म्हणून उजाडल्यानंतर थोड्याच वेळात ओहोटी हवी होती. आदल्या रात्री हवाई छत्रीने सैनिक उतरणार होते, त्यांना चंद्रप्रकाश हवा होता. हे दोन्ही ५, ६ आणि ७ जूनलाच जुळत होतं. ६ जूनला पौर्णिमा होती. आपल्या पंचांगात ज्येष्ठी पौर्णिमा. भरती-ओहोटीचं गणित लिव्हरपूलजवळ आर्थर डूडसन यांनी पितळी चाकं आणि कप्प्यांच्या यंत्रावर केलं. किनारा कुठला हे त्यांनाही सांगितलं नव्हतं, फक्त आकडे दिले होते. असंच एक यंत्र १८७९ च्या सुमारास भारतातल्या बंदरांचे तक्ते काढण्यासाठी लंडनमध्ये बनलं होतं.

चंद्र आणि समुद्र वर्षभर आधी सांगता येतात. हवा नाही. किनाऱ्यावर वारा मंद हवा, ढग फार खाली नकोत, लाटा बेताच्या हव्यात. या तारखा चुकल्या तर पुढची ओहोटी १९ जूनच्या आसपास जुळणार होती, आणि तेव्हा अमावास्या.

तीन कचेऱ्या, तीन मतं

सरसेनापती आयझेनहॉवर यांना सल्ला देणारे मुख्य हवामान अधिकारी होते ग्रुप कॅप्टन जेम्स स्टॅग, उंच, किरकोळ बांध्याचे स्कॉटिश गृहस्थ. त्यांचं काम स्वतः अंदाज काढणं नव्हतं. तीन कचेऱ्यांशी सुरक्षित फोनवर एकत्र बोलून एक अंदाज पुढे ठेवायचा, हे ते काम.

डनस्टेबलला सी. के. एम. डग्लस होते. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून ढग जवळून पाहिलेले, दोन दिवसांपलीकडचं सांगणं म्हणजे हवेत बाण मारणं अशा मताचे. त्यांच्या शेजारी बर्गन पद्धतीत तयार झालेले नॉर्वेचे स्वेरे पेटरसन, वरच्या हवेच्या नोंदींवर भर देणारे. अमेरिकन कचेरीत अर्विंग क्रिक: युद्धाआधी अंदाज विकण्याचा धंदा केलेले, आत्मविश्वास भरपूर. त्यांची पद्धत वेगळी होती. मागच्या काही दशकांचे नकाशे काढायचे, आजच्यासारखा दिसणारा शोधायचा आणि तेव्हा पुढे जे झालं तेच आता होईल म्हणायचं. तिसरी कचेरी ब्रिटिश आरमाराची. एप्रिलपासून दर आठवड्याला आयझेनहॉवर यांनी या सगळ्यांकडून सरावाचे अंदाज घेतले होते, म्हणजे कुणावर किती विसंबायचं हे त्यांना कळावं.

हल्ला ५ जूनला ठरला होता. क्रिक यांच्या मते दिवस चालण्यासारखा होता. डनस्टेबल ठाम विरोधात. अटलांटिकवर एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं रांगेत होती, जूनमध्ये सहसा दिसत नाही असा हिवाळी थाट. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड नावाचं ठिकाण आहे, तिथल्या पोस्टात काम करणारी मॉरीन फ्लॅव्हिन ही तरुणी दर तासाला नोंदी घ्यायची. ३ जून हा तिचा एकविसावा वाढदिवस. त्या सुमारास तिच्या बॅरोमीटरचा दाब झपाट्याने उतरू लागला. इंग्लंडहून फोन आला: नोंद पुन्हा तपासा. तिने तपासली. परत फोन, परत तपासणी. आकडा तोच.

४ जूनच्या पहाटे सव्वाचारला, पोर्ट्समथजवळच्या साउथविक हाउसमध्ये, स्टॅग यांनी वादळ येतंय असं सांगितलं. बाहेर तेव्हा वारा जवळपास नव्हता. आयझेनहॉवर यांनी हल्ला २४ तास पुढे ढकलला, समुद्रात निघालेली जहाजं परत बोलावली. दिवसभरात वादळ खरोखरच आलं.

त्याच दिवशी दुपारी ब्लॅकसॉडहून वेगळी नोंद आली: पाऊस थांबला, आकाश मोकळं होतंय. म्हणजे थंड हवेचा फ्रंट तिथून पुढे सरकला होता. हिशोब लोणावळा-कर्जतचाच. फ्रंट आज रात्री-उद्या सकाळी इंग्लिश खाडी ओलांडेल, त्याच्या पाठीमागे पुढचं वादळ येईपर्यंत दीड-एक दिवसाची फट मिळेल. ४ जूनला रात्री साडेनऊला बाहेर पावसाचा मारा चालू असताना स्टॅग यांनी सांगितलं की ६ तारखेला हवा सुधारेल. ५ जूनच्या पहाटे पुन्हा बैठक झाली, अंदाज कायम राहिला आणि हुकूम सुटला.

"म्हणजे नशीबच ना?"

काही अंशी हो. ६ जूनची हवा चांगली नव्हती, चालण्यापुरती होती. वारा ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होता. ढगांमुळे हवाई छत्रीचे सैनिक विखुरले. 'ओमाहा' असं सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर बॉम्बफेक्या विमानांना ढगांतून नेम धरता आला नाही, आपल्याच बोटींवर बॉम्ब पडू नयेत म्हणून त्यांनी काही क्षण उशिरा सोडले आणि ते किनारा ओलांडून आत शेतांत पडले. एका अमेरिकन तुकडीने समुद्रात सोडलेल्या २९ तरंगत्या रणगाड्यांपैकी २७ लाटांनी गिळले. तंतोतंत अंदाज असा नसतो. आयझेनहॉवर यांना हवं होतं ते एवढंच: त्या दिवशी जाणं शक्य आहे की नाही.

आणि हो, 'एका मुलीने महायुद्ध जिंकून दिलं' अशा मथळ्यांखाली ही गोष्ट फिरते. मॉरीन यांचं श्रेय मोठं आहे. त्या २०२३ मध्ये शंभर वर्षांच्या होऊन वारल्या, आणि आपल्या आकड्यांचं काय झालं हे त्यांना १९५६ मध्ये कळलं होतं. पण तो एक आकडा एकटा असता तर काहीच सांगू शकला नसता. विमानांचे, फुग्यांचे, चोरून वाचलेल्या जर्मन संदेशांचे ठिपके आसपास होते, म्हणून त्या आकड्याला अर्थ आला.

जर्मन हवामानतज्ज्ञ मूर्ख होते, हाही सोयीचा समज. वादळी हवा त्यांनाही दिसत होती आणि तो अंदाज बरोबरच होता. दीड दिवसाची फट मात्र आयर्लंडच्या पश्चिमेला जन्मली होती, त्यांच्या नकाशाच्या कोऱ्या भागात. अशा हवेत कुणी येणार नाही असं धरून रात्रीची सागरी गस्त रद्द झाली. किनाऱ्याच्या संरक्षणाची जबाबदारी असलेले रोमेल ४ जूनला जर्मनीला गेले. ६ तारखेला त्यांच्या पत्नीचा वाढदिवस होता.

चुकीचा निर्णय कसा दिसला असता, हे दोनच आठवड्यांत कळलं. १९ जूनला, म्हणजे पर्यायी तारखेच्या आसपासच, अनेक वर्षांत न झालेलं वादळ खाडीत शिरलं, तीन दिवस घोंगावलं आणि ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकनांनी उभारलेलं कृत्रिम बंदर त्याने मोडून टाकलं. ते येतंय याची नीट पूर्वसूचना दोस्तांकडेही नव्हती. पश्चिमेकडचा फोन असूनही गाडी कधीकधी अशी चुकते.

आता हा प्रश्न सुटला का?

गणिताचा सुटला. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक संगणकावर रिचर्डसन यांचीच कल्पना थोडी सोपी करून चालवली गेली. आजचा पाच दिवसांचा अंदाज पेटरसन आणि डग्लस यांना जादू वाटला असता.

ठिपक्यांचा प्रश्न उरलाच. जगभरातली प्रवासी विमानं उडताउडता वारा आणि तापमान कळवतात. २०२० मध्ये कोविडमुळे उड्डाणं थांबली तेव्हा या नोंदी एकदम घटल्या आणि हवामान संस्थांना फुगे वाढवून, उपग्रहांवर जास्त भिस्त ठेवून ती तूट भरावी लागली. रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास भारतातल्या अनेक केंद्रांवरून अजूनही रेडिओसॉन्ड बांधलेले फुगे सुटतात, आणि त्यांचे आकडे जगातल्या कुठल्याही देशाच्या हवामान खात्याला मिळतात.